वारसा आणि वाच्यता

वडिलांच्या पश्चात घर, शेत, देवघरातले टाक आणि थोडेफार कर्ज यांची वाटणी होते. भाऊबंद सात-बाराचा उतारा, किंवा आपल्याकडच्या भाषेत पहाणी, काढून आणतात आणि गुंठ्या-गुंठ्यासाठी भांडतात. पण आणखी एक वारसा असा आहे, की ज्याचा उतारा कोणी मागत नाही आणि ज्याची वाटणी आपल्या जन्माआधीच होऊन गेलेली असते. तो म्हणजे रक्तातला वारसा. नाक-डोळे, उंची, आवाज यांच्याबरोबर काही घराण्यांत एखाद्या दुखण्याचे बीजही पिढ्यान्‌पिढ्या उतरत जाते. अशा वारशाची माहिती घरातल्या ज्या माणसाच्या हाती प्रथम येते, त्याने ती इतरांना सांगावी की झाकून ठेवावी? वरवर पाहता हा प्रश्न वैद्यकाचा वाटेल. माझ्या मते तो नीतीचा आहे.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक दुखणे समोर ठेवतो. मूत्रपिंडाचा कर्करोग बहुतेकांना आई-वडिलांकडून आलेला नसतो. धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब ही त्याची नेहमीची कारणे. मात्र शंभरातील सुमारे ५ ते ८ रुग्णांत मूळ दोष जन्मजात असतो. त्यातले सर्वांत अभ्यासले गेलेले दुखणे म्हणजे फॉन हिप्पेल-लिंडाउ विकार. जर्मन नेत्रवैद्य फॉन हिप्पेल यांनी १९०४ साली डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांच्या गाठींचे वर्णन केले, आणि १९२६ साली स्वीडनच्या लिंडाउ यांनी लहान मेंदूतील तशाच गाठींशी त्यांचे नाते जोडले. १९९३ साली तिसऱ्या गुणसूत्रावरील दोषी जनुक सापडले. साधारण ३६ हजार जन्मांत एक, असे त्याचे प्रमाण सांगतात.

या जनुकाचे काम समजून घेण्याजोगे आहे. शरीरातील पेशीला प्राणवायू कमी पडला की ती नव्या रक्तवाहिन्यांना हाक मारते. प्राणवायू पुरेसा असला की हे जनुक ती हाक थांबवते. या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत जन्मतःच बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते. पुढे एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली, की प्राणवायू भरपूर असताना ती पेशी उपाशी माणसासारखी ओरडत राहते आणि तिथे गाठ धरते. असा दोष असलेल्या माणसाला साठीपर्यंत मूत्रपिंडाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात सत्तरपर्यंत जाते.

आता गणित. दोष आईकडे असो वा बापाकडे, मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. याचा अर्थ दोघांपैकी एकाला मिळतोच असा नव्हे. नाणे दर वेळी नव्याने उडवले जाते. थोरल्याला मिळाला म्हणून धाकटा सुटला, असे होत नाही. सुमारे पाचातल्या एका रुग्णात तर आई-बाप दोघेही निर्दोष असतात, दोष नव्यानेच उपजलेला असतो. तेव्हा ‘सुनेच्या माहेरचे दुखणे’ म्हणून बोट दाखवण्याची आपली जुनी सवय इथे सपशेल खोटी ठरते.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी याच दुखण्याची शस्त्रक्रिया करून घेऊन भेटायला आला होता. भावंडांनी तपासणी करून घ्यावी, असे डॉक्टरांनी बजावले होते. वडिलांचा हुकूम मात्र असा, की धाकटीचे लग्न ठरेपर्यंत घरात कोणाजवळ अक्षर काढायचे नाही. तो म्हणाला, “सर, खरे बोलावे हे तुम्हीच शिकवलेत. पण माझ्या खरे बोलण्याने बहिणीचे लग्न मोडले तर ते पाप कोणाचे?”

त्या वडिलांना मी दोष देणार नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. स्थळ पाहताना आपण पत्रिका पाहतो, पगार पाहतो आणि हलक्या आवाजात ‘घराण्यात काही नाही ना?’ असेही विचारतो. कोडाचा डाग दिसला म्हणून परत फिरलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. सत्य सांगणाऱ्याला शिक्षा करणाऱ्या समाजाने सत्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? झाकणाऱ्याच्या पापात अर्धा वाटा आपलाही आहे.

तरीही मला झाकणे पटत नाही. कारण या विकारात माहितीला उपाय जोडलेला आहे. दरवर्षी डोळे तपासले, ठरावीक काळाने पोटाचे आणि मेंदूचे चित्रण करून घेतले, तर गाठ लहान असतानाच कळते. मूत्रपिंडातील गाठ ३ सेंटिमीटरची होईपर्यंत सहसा नुसती नजरेखाली ठेवतात. मग तेवढीच काढून मूत्रपिंड वाचवतात. २०२१ साली अमेरिकेत या विकारावर बेल्झुटिफॅन या गोळीलाही मान्यता मिळाली. शिवाय घराण्यातील नेमका दोष कळला की भावंडांची रक्ततपासणी सोपी होते, आणि ज्यांच्यात तो नाही, त्यांची व त्यांच्या मुलांची कायमची सुटका होते. आपण समजतो की सांगणे म्हणजे सर्वांच्या गळ्यात धोंडा बांधणे. प्रत्यक्षात निम्म्यांच्या गळ्यातला तो उतरतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: एखाद्याला जाणूनच घ्यायचे नसेल तर? युनेस्कोने १९९७ साली मानवी जनुकसंचयाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात आपल्या तपासणीचा निष्कर्ष जाणून घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. हंटिंग्टन विकारासारख्या, आज ज्याची गती रोखता येत नाही अशा दुखण्यात हा हक्क फार मोलाचा आहे. पण हा हक्क ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे त्याचा आहे. ‘मला कळू नये’ असे मी म्हणू शकतो. ‘तिला कळू नये’ हे मी तिच्या वतीने ठरवू शकत नाही. दार उघडून आत जायचे की नाही हे तिने ठरवावे, पण दार आहे एवढे तरी तिला दिसले पाहिजे.

महाभारतात कुंतीने रक्ताचे एक सत्य असेच झाकले. लोकलाजेचे तिचे कारण खरे होते. युद्धापूर्वी तिने ते कर्णाला सांगितले, पण पांडवांना सांगितले ते कर्ण मेल्यावर, तर्पणाच्या वेळी. युधिष्ठिराचा आक्रोश सत्य कळल्याचा नव्हता, ते उपयोगाचे असताना कळले नाही याचा होता.

मी त्या विद्यार्थ्याला इतकेच सांगितले, की जगाला सांगणे आणि बहिणीला सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले तुझ्यावर बंधन नाही, दुसरे आहे. पुढे नवऱ्या मुलाला काय सांगायचे, ते तिचे तिने ठरवावे. त्याने बहिणीला सांगितले. त्यानंतरचे त्या घरचे आहे, ते इथे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आपल्या भागात हेळवी येतो, चोपडी उघडतो आणि सात पिढ्यांची नावे घडाघडा वाचतो. त्या वंशावळीत मुलाची फांदी वाढत जाते. लेक सासरी गेली की तिची फांदी तिथेच तुटते. आनुवंशिक विकाराचा डॉक्टर कागदावर घराणे मांडतो, तेव्हा पुरुषाला चौकोन काढतो आणि बाईला वर्तुळ, आणि दोघांखालच्या रेघा सारख्याच पुढे नेतो. रक्ताला आडनाव कळत नाही, जात कळत नाही, राज्याची सीमाही कळत नाही. सावंतवाडीला दिलेली आत्या आणि धारवाडला दिलेली मावशी यांची लेकरे त्या कागदावर आपल्याइतकीच वारस असतात.

वाडवडिलांच्या जमिनीचा कागद एका भावाने दडवला तर आपण त्याला लबाड म्हणतो. शरीराचा कागद दडवणाऱ्याला मात्र आपण घराण्याची अब्रू राखणारा म्हणतो. ज्या घरात चौघे जण पंचेचाळिशीच्या आत एकाच दुखण्याने गेले, त्या घराची अब्रू पाचव्याला वाचवण्यात आहे.