ओहोटीतील नौका

महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर, महाड या मार्गे वाहत येऊन श्रीक्षेत्र हरिहरेश्वरानजीक अरबी समुद्रास मिळते. ओहोटीच्या वेळी बागमांडल्याच्या खाडीकाठाने चालणाऱ्या भाविकास चिखलात कलंडलेल्या जुन्या होड्या पाहून क्षणभर उदास वाटते. परंतु होडीचा तळ दिसतो तो याच वेळी. झिजलेली फळी, सुटलेला सांधा भरतीच्या पाण्याखाली झाकलेला असतो. नाखवा ओहोटी साधून तळ खरवडतो, सांधे भरतो, तेल लावतो. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर. त्यात तळ कोरडा राहण्याचा काळ फारच थोडा.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात नरदेहास नौका, गुरूस कर्णधार आणि भगवत्कृपेस अनुकूल वारा म्हटले आहे. सुखाच्या भरतीत पूजा-दानधर्म यथासांग घडतो, पण मनाची भेग दिसत नाही. आजारपण, कर्ज, वियोग यांत पाणी ओसरले की ती उघडी पडते. नेमके तेव्हाच, देवाने पाठ फिरवली असे म्हणून नामस्मरण सोडणारे पुष्कळ! ऐन ओहोटीत अवजार खाली ठेवणारा नाखवा मात्र विरळाच.

हरिहरेश्वराची सागरकाठची प्रदक्षिणाही ओहोटीतच घडते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून पायऱ्या उतरण्यापूर्वी भाविकांनी स्थानिकांकडे वेळेची खात्री करून घ्यावी. लाटा चढू लागल्यास निःशंक परत फिरावे. अर्धी प्रदक्षिणाही देवास पोहोचते.