वाटसरूचे घर

माणूस या पृथ्वीवर परका आणि वाटसरू आहे, ही ख्रिस्ती धर्मविचारातली एक मूलभूत धारणा. इब्री लोकांस पत्रातला अब्राहाम वचनदत्त देशात पोहोचूनही डेऱ्यातच राहतो. इस्राएली लोक मांडवांच्या सणात सात दिवस फांद्यांच्या खोपीत राहत, ते रानातल्या भटकंतीची आठवण म्हणून. मग अशा वाटसरूने घर बांधावे का, आणि बांधलेच तर ते कसे असावे? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर मेथडिस्ट पंथीयांपुढे हा प्रश्न पुस्तकातून नव्हे, प्रत्यक्ष राहण्यातून उभा राहिला.

१८३५ च्या ऑगस्टमध्ये समुद्राजवळच्या ओकच्या राईत त्यांचे पहिले उपासना-शिबिर भरले. या राईला पुढे वेस्लियन ग्रोव्ह हे नाव मिळाले. प्रवचनासाठी एक लाकडी मंच, समोर बाके आणि भोवती मोठे तंबू, एवढाच पसारा होता. एकेका गावच्या मंडळीचा एक तंबू असे. मधे पडदा टाकून एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया गवताच्या बिछायतीवर झोपत. दर उन्हाळ्यात माणसे वाढत गेली आणि स्वतंत्र कौटुंबिक तंबू दिसू लागले. याबद्दल पुढाऱ्यांच्या मनात शंका होती, कारण मंडळीचा सामाईक डेरा सोडून कुटुंब वेगळे झाले की समुद्रस्नान आणि सुटीची मौज उपासनेच्या पुढे जाईल, असे त्यांना वाटे. ही भीती निराधार नव्हती. पुढे तंबूंखाली लाकडी तळ आले, आणि १८५९ पासून लाकडी घरे उभी राहू लागली. पुढच्या वीसेक वर्षांत त्यांची संख्या पाचशेच्या घरात गेली. आज त्यांतली तीनशेहून थोडी अधिक उरली आहेत.

ही घरे नीट पाहिली तर तंबू कुठे संपला आणि घर कुठे सुरू झाले, हे सांगणे अवघड जाते. जागा तंबूच्या मापाची, म्हणून रुंदी साधारण ११ ते १६ फूट. छप्पर तीव्र उताराचे आणि दर्शनी बाजू त्रिकोणी. बहुतेक घरांना भिंतीच्या आतला लाकडी सांगाडा नाही. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवून उभ्या फळ्या जोडलेल्या, आणि त्या फळ्याच भार पेलतात. आतून गिलावा नाही, थंडीची सोयही मुळात नव्हती. दर्शनी भागाच्या मध्यावर रुंद दुपाखी दार आणि त्याच्या दोन्ही अंगांना टोकदार कमानीच्या अरुंद खिडक्या. वरच्या मजल्यावरही तसेच दुपाखी दार, पुढे छोटा सज्जा. टोकदार कमान चर्चमधून आली आणि दुपाखी दार तंबूच्या बाजूला सारलेल्या कनातींची जागा घेते. दार उघडले की सारी बैठकीची खोली रस्त्यावरून दिसते. शेजार हाताच्या अंतरावर, त्यामुळे एका घरातली प्रार्थना दुसऱ्या घरात ऐकू जाई. अशा घरात लपवण्यासारखे काही ठेवता येत नाही, आणि धर्माच्या दृष्टीने या वास्तूचे हेच सर्वांत मोठे मोल आहे.

नक्षीचा प्रश्न वेगळा. यंत्रकरवतीने कातलेल्या लाकडी झालरी छपराच्या कडांना आणि सज्ज्यांना लागल्या, तशी घरे रंगीबेरंगी, हौशी दिसू लागली. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७८६ मध्येच हा धोका ओळखला होता. श्रद्धेतून कष्टाळूपणा आणि काटकसर येते, त्यातून संपत्ती, आणि संपत्तीतून अहंकार व जगाची ओढ, असे त्यांचे निदान होते. तरीही केवळ झालरींवरून या लोकांना दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. उत्सवासाठी मांडव सजवणे ही आसक्ती नव्हे. शिवाय जमीन कोणाही कुटुंबाच्या मालकीची नव्हती. घर कुटुंबाचे, पण त्याखालची जागा शिबिराच्या संस्थेची, ही व्यवस्था आजही टिकून आहे. वाटसरूपणाची खूण भिंतींपेक्षा या व्यवस्थेत अधिक स्पष्ट दिसते.

आसक्तीची खरी परीक्षा शिबिराच्या सीमेवर झाली. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या एका जमीन-कंपनीने शेजारीच ओक ब्लफ्स ही उन्हाळी वसाहत आखली, तेव्हा शिबिराने आपल्याभोवती सात फूट उंच कुंपण घातले. पण कंपनीने १८६९ मध्ये सुरू केलेला कागदी कंदिलांचा उत्सव मात्र शिबिरानेही पुढे आपलासा केला. १८७९ मध्ये शिबिराच्या मधोमध लोखंडी सांगाड्याचा विशाल सभामंडप उभा राहिला. त्याला भिंती नाहीत, चारी बाजू मोकळ्या. या मोकळेपणाला मर्यादा होती, हेही नोंदवले पाहिजे. गुलामगिरीत जन्मलेले चार्ल्स शिअरर आणि त्यांच्या पत्नीने १९१२ मध्ये ओक ब्लफ्समध्येच कृष्णवर्णीय पाहुण्यांसाठी निवासगृह उघडले, कारण बेटावरच्या इतर निवासांत त्यांना जागा मिळत नसे. परक्याला थारा मिळत नसेल, तर आपण स्वतः परके आहोत ही शिकवण अपुरी राहते. दुपाखी दारांच्या सौंदर्यानेही ही उणीव झाकली जात नाही.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर १८६९ मध्ये वसलेल्या ओशन ग्रोव्ह या मेथडिस्ट गावाने वाटसरूच्या घराच्या प्रश्नाला काही अंशी वेगळे उत्तर दिले. समुद्राकडे जाताना तिथल्या घरांच्या रांगा क्रमाने मागे सरतात, त्यामुळे रस्ता रुंदावत जातो आणि वारा व दर्याचे दर्शन मागच्या घरांनाही मिळते. लाभ वाटून घेण्याचा विचार इथे थेट नगररचनेत उतरला आहे. १८९४ च्या भव्य सभागृहाभोवती शंभरावर तंबू आजही उन्हाळ्यापुरते उभारले जातात. प्रत्येकाच्या पाठीशी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेली लाकडी खोली असते. उन्हाळा सरला की कापड उतरते आणि सामान त्या खोलीत जाते. मात्र हे तंबूही वर्षानुवर्षे त्याच कुटुंबांकडे राहतात आणि नव्या माणसाला दीर्घकाळ वाट पाहावी लागते. म्हणजे कापडाच्या भिंतीही हक्काची भावना रोखत नाहीत. तिकडे वेस्लियन ग्रोव्हला २००५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. मूळच्या उन्हाळी घरांपैकी काहींत आता हिवाळ्याची सोय झाली असून लोक तिथे वर्षभर राहतात.