खांदा मिळतो, नाव मिळत नाही

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि प्लॉटविक्रीच्या जाहिरातींच्या मध्ये कुठेतरी, पोलीस ठाण्याची शोधपत्रिका छापलेली असते. अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचावन्न, रंग सावळा, बांधा सडपातळ, दाढी वाढलेली, अंगात मळका सदरा, उजव्या मनगटावर गोंदलेलं पुसट नाव. ओळख पटल्यास संपर्क साधावा. सोबत डोळे मिटलेला फोटो, छपाईत काळवंडलेला. आपण पान उलटतो. अमरावतीत इर्विनच्या किंवा अकोल्यात सर्वोपचारच्या शवागारात तो माणूस काही दिवस वारसाची वाट पाहत पडून राहतो आणि मग एका सकाळी पोलीस, महापालिकेचा एखादा कर्मचारी आणि सेवाभावी मंडळाची दोन-चार माणसं त्याला पोहोचवून येतात.

या शोधपत्रिकेइतकं करुण लिखाण मी दुसरं वाचलेलं नाही. रस्त्यावर राहणाऱ्या त्या माणसाकडे आयुष्यात इतक्या बारकाईने कोणी पाहिलं असेल, तर ते पंचनामा लिहिणाऱ्या जमादाराने. जखम कुठे, व्रण कुठे, गोंदण कसलं, खिशात काय सापडलं, सगळं लिहिलं जातं. ते मनगटावरचं नाव कोणाचं होतं, बायकोचं की देवाचं, हे विचारायला मात्र उशीर झालेला असतो. तोच माणूस सहा महिने राजकमल चौकात किंवा बडनेऱ्याच्या फलाटावर बसत होता. तेव्हा त्याला नाव होतं आणि ते तो सांगूही शकत होता.

मृत्यूनंतरच्या प्रतिष्ठेबद्दल आपला कायदा अगदीच मुका नाही. दिल्लीतल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या आश्रय अधिकार अभियानाने बेवारस मृतदेहांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात नेला आणि 2002 साली न्यायालयाने मान्य केलं की बेघर माणसाच्या देहावरही त्याच्या धर्माप्रमाणे सन्मानाने अंत्यसंस्कार झाले पाहिजेत. त्याआधीपासून, 1949 च्या कायद्याने, वारस न सापडलेला देह वैद्यकीय महाविद्यालयाला शिकण्यासाठी देता येतो. आज आपली नाडी पाहणाऱ्या कितीतरी डॉक्टरांनी शरीराचे पहिले धडे अशाच एखाद्या अनोळखी देहावर गिरवले आहेत. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आता त्या देहापुढे शपथ घेतात. फार चांगली प्रथा आहे. पण ज्याच्यापुढे शपथ घ्यायची त्याचं नाव त्यांना सांगता येत नाही.

खांदा द्यायला माणसं पुढे येतात, याबद्दल वऱ्हाडाने मान ताठ ठेवावी. मे 2020 मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत, अकोल्यात एका वृद्धाचा मृतदेह घ्यायला घरच्यांनी नकार दिला. तेव्हा कच्छी मेमन जमातीच्या कार्यकर्त्यांनी पुढे होऊन त्या हिंदू माणसाला अग्नी दिला. त्या दिवसांत त्यांनी असे अनेक देह, कुठल्या धर्माचा आहे हे पाहून त्याच्या रीतीप्रमाणे, मार्गी लावले. ती घटना मला वारंवार आठवते. त्या माणसाला घर होतं, पोरं होती, आधार कार्ड होतं. भीतीच्या एका आठवड्याने त्याला फुटपाथवर मरणाऱ्याच्या रांगेत नेऊन बसवलं. बेवारसपण कोणाच्या जन्माला चिकटलेलं नसतं. जवळची माणसं हात काढून घेतात तेव्हा ते येतं, आणि ते कोणाच्याही वाट्याला येऊ शकतं.

बेघर माणूस कुठून आला हे शोधता येत नाही, असं आपण सहज म्हणून टाकतो. डॉ. भरत वाटवानी यांचं काम पाहिल्यावर हे म्हणणं टिकत नाही. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणायचं, उपचार करायचे, बोलतं करायचं आणि मग गाव शोधून घरी पोहोचवायचं, हे त्यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने हजारो माणसांच्या बाबतीत केलं. 2018 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. म्हणजे ज्याला आपण वेडा म्हणून टाळतो त्याच्या डोक्यात गावाचं नाव शाबूत असतं. कोणीतरी शेजारी बसून, ‘कोन्त्या गावचे जी तुम्ही?’ असं विचारावं लागतं, आणि उत्तर आलं नाही तर उद्या पुन्हा विचारावं लागतं.

नाव देण्याची गोष्ट निघाली की परतवाड्याजवळच्या वझ्झरला जावंच लागतं. शंकरबाबा पापळकरांनी तिथे उकिरड्यावर, स्टेशनवर, बसस्टँडवर टाकून दिलेली दिव्यांग मुलं सांभाळली आणि शंभराहून जास्त मुलांच्या कागदांवर बापाच्या रकान्यात स्वतःचं नाव लावलं. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम तो रकाना भरण्याचं आहे. जेवण अनेक जण देतात, ब्लँकेटं तर थंडी पडली की वाटली जातातच. आपलं नाव कोण देतो?

आपल्या परंपरेनेही निनावी मेलेल्यांना अगदी वाऱ्यावर सोडलेलं नाही. ज्याची तिथी माहीत नाही त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. ज्याच्या मागे पाणी द्यायला कोणी उरलं नाही त्याच्यासाठी धर्मपिंड आहे, आणि तर्पणातही बांधव नसलेल्यांच्या नावाने ओंजळ सोडली जाते. शेगाव अकोल्याहून हाकेच्या अंतरावर. 1878 साली तिथे उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचून खाताना जो पुरुष लोकांना प्रथम दिसला त्याचं गाव, घर, आईबाप कोणालाच ठाऊक नव्हते. वऱ्हाड आज त्यांच्या समाधीपुढे रांगा लावतं. गाडगेबाबाही असेच. 1905 साली घर सोडलेले शेंडगावचे डेबूजी जाणोरकर चिंध्यांचा अंगरखा आणि हातात गाडगं घेऊन उभा महाराष्ट्र हिंडले, लोकांसाठी धर्मशाळा उभारल्या आणि 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी, गाडीतच गेले.

म्हणून मला वाटतं, बेघरांच्या स्मरणाचा दिवस आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही. अमेरिकेत 1990 पासून 21 डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यात लांब रात्री, त्या वर्षी गेलेल्या बेघरांची नावं गावोगाव वाचली जातात. लंडनच्या सेंट मार्टिन चर्चमध्येही दर नोव्हेंबरला अशीच नावं घेतली जातात. आपल्याकडे गाडगेबाबांची पुण्यतिथी त्या अमेरिकन दिवसाच्या आदल्याच दिवशी येते. आणि गप्प उभं राहून आदर कसा करावा हे अमरावती जिल्ह्याला शिकवायला नको. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो माणसं मौन उभी राहतात.

गाडगेबाबांना स्वतःचं स्मारक नको होतं, मग त्यांच्या दिवशी आणखी एक समारंभ कशाला, असं कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. समारंभ नकोच. हारतुरे, पाहुणे, फ्लेक्स यातलं काहीही नको. एक वही हवी. महापालिका आणि पोलिसांनी मिळून ठेवलेली, कोणालाही पाहता येईल अशी: सापडल्याची तारीख, जागा, नाव कळलं असल्यास नाव, नसल्यास ओळखीच्या खुणा, आणि अंत्यसंस्कार कुठे, कोणत्या रीतीने झाले. दहा वर्षांनी एखादी मुलगी बापाला शोधत आली तर तिला निदान स्मशानातली जागा दाखवता यावी. त्याच वहीवरून हेही कळेल की माणसं कोणत्या महिन्यात, कोणत्या चौकात, कशाने मरतात. मे 2024 मध्ये अकोल्यात उष्णतेच्या लाटेमुळे जमावबंदीचं कलम लावावं लागलं होतं. कामगारांना सावली-पाणी द्या, शिकवण्यांच्या वेळा बदला, असे आदेश निघाले. ज्याला घरच नाही त्याने त्या दुपारी जायचं कुठे?

शहरी भागात लाख लोकसंख्येमागे एक निवारा हे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आलेलं प्रमाण आहे. 2011 च्या जनगणनेत अमरावती साडेसहा लाखांच्या घरात होती, अकोला सव्वाचार लाखांच्या. त्या हिशेबाने सहा आणि चार निवारे तेव्हाच हवे होते. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातल्या बेघरांचा आकडा 2 लाख 10 हजारांवर गेला होता. निवारा म्हणजे नुसतं छप्पर नव्हे. तिथे रात्री नोंदवहीत नाव लिहिलं जातं, आजारी पडलं तर कोणाच्या तरी लक्षात येतं. निवाऱ्यात मरणारा माणूस सहसा अनोळखी मरत नाही.

दोन्ही महापालिकांना माझी विनंती आहे: येत्या 20 डिसेंबरला गेल्या वर्षभरातल्या बेवारस मृतांची यादी जाहीर करा. अमरावतीत ती गाडगेनगरला, बाबांच्या समाधीजवळ वाचली जावी, अकोल्यात मोर्णेकाठी. नाव नसेल तिथे ‘मनगटावर गोंदण’ एवढंच वाचा, पण वाचा. आणि वाचकहो, तुमच्या रोजच्या वाटेवर जो माणूस बसलेला असतो त्याला पुढच्या खेपेला नाव आणि गाव विचारा, आणि ते कुठेतरी लिहून ठेवा.