काढा औषध नव्हे, हे तुला कोणी सांगितलं?

उभा राहा. तूच. केसपेपर तुझ्याच अक्षरातला ना? मग वाच मोठ्यानं. ‘औषधांचा इतिहास : काही नाही.’ पुढं एएनए पॉझिटिव्ह, आयजीजी वाढलेलं. आणि तांबड्या शाईत निदान, ऑटोइम्यून हिपॅटायटिस, म्हणजे शरीरच आपल्या यकृतावर उलटलेलं. खाली दोन रेघा. शाब्बास!

तू जेवायला गेलास तेव्हा मी या केसपेपरातल्या बाईच्या सासूपाशी पाच मिनिटं टेकलो. म्हणाली, “औषध कुठलं, सायेब? निस्ता गुळवेलाचा काढा. दोन महिने, रोज सकाळी.” तू विचारलंस, औषध घेता का? बाईनं खरं तेच सांगितलं. काढा तिच्या लेखी औषध नाहीच. मुखेडच्या बाईला तुझी व्याख्या माहीत नसणारच. तिची तुला माहीत हवी होती. तू अहमदपूरचा ना? आजीनं काढा पाजला नाही कधी?

लातूर पॅटर्ननं तुम्हाला चारातला एक पर्याय निवडायला शिकवलं. इथं खाटेवरचं माणूस पर्याय देत नाही, बाबांनो. विचारावं लागतं.

कोरोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीच्या नावाखाली घरोघरी गुळवेल उकळली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेले ६ रुग्ण भेटले. २०२१ मध्ये त्यांनी ते छापलं, तेव्हा आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, वेल दुसरीच असेल म्हणून. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्ण मांडले. त्यांतल्या पुष्कळांत याच अँटिबॉडीज होत्या, ज्यांच्या भरवशावर तू रेघा ओढल्यास.

एएनए ही अँटिबॉडी १:८० पातळीला धडधाकट माणसांतही सापडते, शंभरात दहा-पंधरा जणांत. ती साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

आणि तू, मागच्या बाकावरचा, ‘जीन्स असतील सर’ असं पुटपुटलास ना? असतील. एचएलए डीआर३, डीआर४ हे जीन असलेल्यांत ऑटोइम्यून हिपॅटायटिस जास्त दिसतो, खरंय. पण फ्लुक्लॉक्सासिलिन या अँटिबायोटिकचं उदाहरण घे. त्याच्या काविळीशी एचएलए-बी*५७:०१ चं नातं २००९ मध्ये सिद्ध झालं. तरीही तो जीन असून ती गोळी घेणाऱ्या ५०० ते १,००० जणांत एखाद्याचंच यकृत बिघडतं. जीन म्हणजे वाळलेला कडबा. काडी कोणी टाकली, ते शोधायला तुला इथं ठेवलंय.

फरक काय पडतो म्हणतोस? औषधानं झालेलं असेल तर ते बंद केल्यावर, लागलंच तर थोडे दिवस स्टिरॉइड देऊन, यकृत सावरतं. स्टिरॉइड थांबवलं तरी आजार सहसा उलटत नाही. मूळचा ऑटोइम्यून असेल, तर गोळ्या सोडल्यावर बहुतेकांत उलटतो. तुझ्या दोन रेघांनी त्या बाईच्या गळ्यात वर्षानुवर्षांच्या गोळ्या बांधल्या असत्या. आणि काढाच म्हणून हात झटकलेस, तर आत दबून बसलेला खरा आजार निसटेल. काढ्यानं तो नुसता जागाही झाला असेल.

म्हणून रेघा खोड. निदानापुढं प्रश्नचिन्ह टाक. ते राहतं की जातं, हे काढा बंद केल्यावरचे पुढचे महिने ठरवतील, आणि तोवर तिच्या तपासण्या तू करायच्या.

जा आता. सासू जिन्यापाशी बसलीय. आधी रामराम घाल. मग काढा, चूर्ण, भस्म, पुडी, टीबीची गोळी, शेजारणीनं दिलेली गोळी, एकेकाचं नाव घेऊन विचार. ‘औषध’ हा शब्द तोंडातून काढू नकोस.