रात्रीची तळमळ आणि उपासकाचे मन



दिवसभर कामाला जुंपलेले मन रात्री अंथरुणावर पडताच मोकाट सुटते. कर्जाचा हप्ता, मुलीची फी, कामावर कुणी जातीवरून मारलेला टोमणा, सारे एकदम आठवते. धम्मात नुकत्याच आलेल्या घरात त्यात आणखी एका भीतीची भर पडते. पोराला ताप चढला की म्हातारी आई हळूच म्हणते, "देव्हारा काढला म्हणून तर नाही ना हे?"

खरी परीक्षा येथे आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा दिवसा मोठ्याने म्हणणारा माणूस मध्यरात्री डळमळतो. कुणी देवऋष्याचा अंगारा आणतो, कुणी बाटली जवळ करतो. अंगाऱ्याने ताप उतरत नाही. त्याला डॉक्टर लागतो. दारूने डोळा लागतो, पण झोप मध्येच मोडते.

मग शांत झोप येते कशाने? अंगुत्तर निकायात याचे उत्तर आहे. आळवी नगरीजवळच्या शिंशपा वनात, गुरांच्या वाटेवर, भगवंत पानांच्या अंथरुणावर बसले होते. आळवीच्या हत्थकाने विचारले, भगवंतांना सुखाची झोप लागली काय? दिवस कडाक्याच्या थंडीचे, जमीन खुरांनी खडबडीत, पाने विरळ, चीवर थंडगार. भगवंत म्हणाले, होय, लागली. आणि त्यांनी उलट विचारले, बंद दारे-खिडक्यांच्या घरात, मऊ बिछान्यावर पडलेल्याच्या मनात लोभ, द्वेष आणि मोह यांचा दाह असेल, तर त्याला झोप लागेल काय? हत्थकाला "नाही" म्हणावे लागले.

याचा अर्थ पानांवर निजण्यात धन्यता माना, असा नव्हे. पक्के घर, पुरता पगार आणि माणुसकीचा मान यांसाठी दिवसा झगडलेच पाहिजे. पण दिवसाचा झगडा रात्री उशाशी घेऊ नये.

म्हणून निजण्यापूर्वी टीव्ही-मोबाइल बंद करा. घरातील सर्वांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हणा. मग पाठ सरळ ठेवून दहा मिनिटे बसा. श्वास लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड, एवढेच जाणा. मन पळेल, त्याच्यावर चिडू नका, पुन्हा श्वासावर आणा. वितक्कसंठान सुत्तात दृष्टान्त आहे: भराभर चालणारा आधी हळू चालतो, मग थांबतो, मग बसतो, मग आडवा होतो. मनही असेच पायरीपायरीने निवते. त्याच सुत्तातला सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून काढतो. तसा वाईट विचार चांगल्या विचाराने काढावा. टोमणा आठवला तर मनाशी म्हणा, "त्याचे बोलणे अन्यायाचे आहे, उद्या दाद मागेन. पण त्याचा द्वेष करून माझे मन जाळणार नाही."

हे पहिल्या रात्री साधणार नाही. नेमाने करा. आठवडेच्या आठवडे झोप नसेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यात कमीपणा नाही.

आणि म्हातारीवर रागावू नका. तिची भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पोराला औषध द्या, तिला आपल्याजवळ बसवा आणि तिच्यासोबत श्वास पाहा. सकाळी पोराचा ताप उतरेल, तेव्हा देव्हाऱ्याची भीतीही थोडी उतरलेली असेल.

जय भीम!