एकाच विटेवर उभा, तरी दहा कामांचा



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४५ आणि ४६.

मला समजलेला अर्थ साधा आहे. माणूस आपल्या वाट्याच्या कामात मनापासून रमला, तर त्याला तिथूनच देवाकडे जाणारी वाट सापडते. ज्याच्यापासून हे सगळं निर्माण झालं, त्याची पूजा त्या कामानेच होते. माउलींनी ज्ञानेश्वरीत इथे कर्माला फुलांची उपमा दिली आहे.

गेल्या आठवड्यात बदलापूर लोकलमध्ये हेच श्लोक मोबाइलवर उघडले होते. तेवढ्यात ऑफिसचा मेल आला. कंपनीतल्या कंपनीत भरायच्या जागांची यादी, आणि त्यात ट्रेनिंग विभागाची एक जागा. मन लगेच तिकडे धावलं. मी एका मोठ्या कंपनीत नऊ वर्षं आहे. आधी कस्टमर सर्व्हिस, मग ऑपरेशन्स, आता ऑडिट. म्हणजे ही चौथी खुर्ची! मग वाटलं, ‘आपलं काम’ म्हणजे नक्की कोणतं? दर तीन वर्षांनी विभाग बदलणारा माणूस कोणती फुलं वाहतो?

तुमच्यापैकीही काहींनी हे विचारलं आहे. तिसऱ्या अध्यायातल्या ३५व्या श्लोकात स्वधर्म सोडू नये असं सांगितलंय, मग डिपार्टमेंट बदलणं हा परधर्म का?

इथे जरा सावध राहायला हवं. ‘स्वधर्म’ या शब्दाचा ‘आहेस तिथेच राहा’ असा अर्थ लावून आपल्या समाजाने कित्येकांना पिढ्यान् पिढ्या अडवून ठेवलं. तो अर्थ मला मान्य नाही. प्रतीक्षा तोंडवळकर यांचंच पाहा. विसाव्या वर्षी पती गेले. पती स्टेट बँकेत होते. त्याच बँकेत त्या सफाईचं अर्धवेळ काम करू लागल्या. तेव्हा दहावीही झालेली नव्हती. मूल सांभाळत दहावी केली, बारावी केली, रात्रीच्या कॉलेजला जाऊन १९९५ मध्ये मानसशास्त्राची पदवी घेतली. पुढे क्लार्क झाल्या, २००४ मध्ये ट्रेनी ऑफिसर आणि २०२२ मध्ये असिस्टंट जनरल मॅनेजर. बँक एकच, खुर्च्या किती! त्यांनी झाडूलाच स्वधर्म मानून थांबायला हवं होतं, असं कोण म्हणेल?

आणि आपला विठोबा? अठ्ठावीस युगं एकाच विटेवर उभा आहे म्हणतो आपण. पण संतचरित्रं उघडा. जनाबाईकडे तो दळायला बसतो. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरतो. दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन बेदरला पैसे पोचवतो. सेना न्हाव्यासाठी धोकटी घेऊन राजाकडे जातो. वीट सुटत नाही, आणि कामं मात्र बदलत राहतात. म्हणजे काम बदलण्यात दोष नाही. मग दोष कशात आहे?

हे मला बाबांनी शिकवलं. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर म्हणून लागले. पुढे खात्याची परीक्षा देऊन चार्जमन झाले आणि त्याच आवारात दोन-तीन सेक्शन फिरले. १ ऑक्टोबर २०२१ला देशातल्या ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. अंबरनाथचे दोन कारखाने तर दोन वेगळ्या कंपन्यांत गेले, एक यंत्र इंडियात आणि दुसरा आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये. बाबा तेव्हा रिटायर झालेले होते. बातमी वाचून एवढंच म्हणाले, “पाटी बदलली. लेथ पुसायचा तो पुसायचाच.” पाळी संपली की लेथवरचा लोखंडाचा कीस काढून, मशीन पुसून मगच ते घरी यायचे. “पुढच्या पाळीच्या माणसाला मशीन स्वच्छ मिळालं पाहिजे,” हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय.

ऐकत आलोय, पण केलं नाही.

ऑपरेशन्समधून ऑडिटमध्ये जाताना मला रिलीव्ह होण्याची भयंकर घाई होती. ग्राहकांच्या सदतीस तक्रारी माझ्याकडे पडून होत्या. हँडओव्हर नोटवर मी ‘सर्व कामे पूर्ण’ लिहिलं आणि निघालो. दीड वर्षाने ऑडिटसाठी नेमका तोच विभाग माझ्याकडे आला. जुन्या नोंदी काढल्या तर त्या सदतीस तक्रारी समोर! माझ्या जागी आलेल्या ताईंनी त्या एकेक करून निस्तरल्या होत्या. वेळा पाहिल्या, रात्रीचे आठ, साडेआठ. घरी लहान बाळ असताना त्या महिनाभर उशिरापर्यंत थांबल्या होत्या, आणि मला एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. नात्याचं कारण सांगून मी ते ऑडिट दुसऱ्याकडे दिलं. खरं कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. ताईंनाही नाही.

तेव्हा मी ट्रेनिंगकडे धावणार होतो ते ओढीने, की पुन्हा पळ काढायला? लोकल विठ्ठलवाडीला थांबली आणि स्टेशनची पाटी बघून कसंतरीच झालं. वाटलं, हा विटेवर उभा राहून सगळं बघतोय.

त्या दिवशी दोन गोष्टी केल्या. आधी ताईंच्या डेस्कवर गेलो आणि माफी मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, “मला तेव्हाच कळलं होतं रे. नोटखाली नाव तुझंच होतं ना.” यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग अर्ज करण्याआधी मॅनेजरना जाऊन सांगितलं. त्यांना आवडलं नाही. हातातलं ऑडिट संपवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. मीही तेच म्हणणार होतो. यात जागा हातची जाऊ शकते, हे माहीत आहे. निकाल अजून लागलेला नाही.

रविवारी शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलासमोर उभा होतो. मागायला गेलो होतो, खरं सांगतो. पण त्याच्या पायाखालची वीट बघत राहिलो. पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेत होता. देव दारात आला तरी त्याने हातातलं काम सोडलं नाही. वीट पुढे सरकवली आणि थांबायला सांगितलं. देवाला थांबवता येतं, तर प्रमोशनला का नाही?

माझ्यापुरतं उत्तर असं. स्वधर्म खुर्चीला चिकटलेला नसतो. खुर्ची सोडताना मागच्यासाठी आपण काय ठेवून जातो, त्यात तो दिसतो. बदली मागा, शिका, वर जा. फक्त लेथ पुसून जा.

आजचा संकल्प: मागच्या जागेवर आपण अर्धवट टाकलेलं एक काम आठवायचं. ते ज्याने निस्तरलं, त्याला आज फोन करायचा.

राम कृष्ण हरी 🙏