पाठवणारा आणि पडणारा

मी : इसवी सनापूर्वी 338. केरोनियाला अथेन्स हरलं. मॅसेडोनच्या फिलिपविरुद्ध लोकांना वर्षानुवर्षं पेटवलं होतं डेमॉस्थेनीसनं. आणि पडलेल्यांसाठी श्रद्धांजलीचं भाषण करायला लोकांनी निवडलं कुणाला? त्यालाच.

आत्या : म्हंजे पाठवायला बी त्योच आन् रडायला बी त्योच. लढाईत सवता कुठं हुता?

मी : होता, पायदळात. ढाल टाकून पळाला असं विरोधक म्हणायचे.

आत्या : मग झालं की.

मी : झालं कसं? शेजारचं वडूज घे. 9 सप्टेंबर 1942. इंग्रजांविरुद्ध कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, वडगावचे परशुराम घार्गे आणि आणखी माणसं पडली. त्या काळात सातारा जिल्ह्यात लोकांना इंग्रजांविरुद्ध उठवणाऱ्या नाना पाटलांचं नाव घरोघरी होतं. नाना 1946 पर्यंत भूमिगत राहिले, इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. म्हणून वडूजचं रक्त त्यांच्या नावावर टाकायचं?

आत्या : नानांचं नाव तू काढलंस, मी न्हाई. मी इचारते, गोळी खाल्लेल्याच्या चुलीपुढं बसून तुझा वक्ता काय बोलला असता?

मी : हेच, की हरणार हे आधी कळलं असतं तरी लढायलाच हवं होतं. इसवी सनापूर्वी 330 मध्ये भर न्यायसभेत तो तसंच बोलला. त्याला सोन्याचा मुकुट द्यायला त्याचा विरोधक एस्किनीसनं हरकत घेतली होती. एस्किनीसला पाचवा हिस्सासुद्धा मतं पडली नाहीत! ज्या गावची पोरं गेली, त्याच गावानं त्याला डोक्यावर घेतलं.

आत्या : मतं कुणी दिली? मागं ऱ्हायलेल्यांनीच न्हवं? मेलेल्याचं मत मोजलं व्हय?

(यावर मी अथेन्सची मतदानपद्धत समजावू लागलो. ते छापण्याच्या लायकीचं नाही.)

मी : मग बोलूच नये का कुणी?

आत्या : आसं कुठं म्हणाले? गप बसणाऱ्याच्या अंगाला बी रगात लागतंयच. त्यो फिलिप काय वेशीवर थांबणार हुता? पर बोलणाऱ्यानं आधी सवताचं कायतरी सोडावं.

मी : नानांनी 1930 ला तलाठ्याची नोकरी सोडली.

आत्या : तलाठ्याची! ती सोडणारा येक तर येडा, न्हाईतर खरा.

मी : डेमॉस्थेनीसनं लोकांनाच सोडायला सांगितलं. अथेन्समध्ये सणाला नाटक बघायला सरकारी पैसा वाटायचे. तो सैन्याकडे वळवा म्हणत राहिला. वळवला, तोवर केरोनिया तोंडावर आलं होतं. म्हसवडच्या रथाच्या यात्रेचा पैसा असा मागून बघ बरं कुणी.

आत्या : नानांनी लगीनखर्चाला हात घातलाच की. गांधी लग्नं लावली, बिनखर्चाची. आरं, मरायला चला म्हणणं सोपं, जेवणावळी बंद करा म्हणणं अवघड. त्यात टाळ्या मिळत न्हाईत.

मी : पण डेमॉस्थेनीस पुढं लाचेच्या खटल्यात दोषी ठरला. हार्पालस नावाच्या पळपुट्या खजिनदाराचा पैसा घेतला म्हणून दंड, तुरुंग, मग परागंदा. आणि इसवी सनापूर्वी 322 मध्ये मॅसेडोनची माणसं धरायला आली, तर देवळात विष घेतलं.

आत्या : पैसं खरंच खाल्लं हुतं?

मी : न्यायसभा तसं म्हणाली.

आत्या : मुकुट बी लोकांनीच दिला, चोर बी लोकांनीच ठरवला. मग तू कंच्या दिवसाच्या लोकांचं खरं धरतोस?